माणसाकडे बघणारी बुद्धी

डब्यात सॉसेजचा तुकडा, डबा बंद आणि झाकणाला दोरी. दोरी ओढली की झाकण निघतं. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या मोनिक उडेल यांनी असा डबा माणसांच्या सहवासात वाढलेल्या १० लांडग्यांपुढे आणि २० कुत्र्यांपुढे ठेवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माणूस शेजारी असताना ८ लांडग्यांनी डबा उघडला. कुत्र्यांपैकी जमलं एकालाच. बाकीच्यांनी जरा खटपट केली आणि माणसाच्या तोंडाकडे बघायला सुरुवात केली.

म्हणजे कुत्रा मठ्ठ झाला का? असं अनेकांना वाटतं. लांडग्याची अक्कल आणि धार गेली, उरलं ते शेपूट हलवणं, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

बुडापेस्टच्या आडाम मिक्लोशी यांच्या गटाने २००३ मध्येच हा फरक नोंदवला होता. त्यांनी लांडग्यांची पिल्लं अगदी लहानपणापासून घरच्या कुत्र्यांसारखी हातावर वाढवली. सुटणारं कोडं दोघांनीही सोडवलं. पण तेच कोडं न सुटणारं केलं, तेव्हा कुत्रे लवकर आणि वारंवार माणसाकडे वळले, लांडगे भांड्याशीच झुंजत राहिले. संगोपन तेच, वागणं वेगळं. हा फरक निव्वळ लाडाकोडाचा नाही, तो कुत्र्याच्या रक्तात उतरला आहे.

तो उतरला कसा, याचा एक धागा पिल्लांच्या पहिल्या महिन्यात सापडतो. जीवशास्त्रज्ञ कॅथरीन लॉर्ड यांच्या अभ्यासानुसार लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं होताच हिंडू लागतं. तेव्हा त्याला धड दिसत नाही, ऐकूही येत नाही; जग त्याला फक्त वासातून कळतं. कुत्र्याचं पिल्लू आजूबाजूला धुंडाळू लागतं ते चार आठवड्यांनी, डोळे-कान चालू झाल्यावर. ओळखीचं आणि परकं यांची मनात नोंद होण्याच्या काळात त्याला माणसाचा चेहराही दिसतो आणि आवाजही ऐकू येतो. वेळापत्रक जेमतेम दोन आठवडे सरकलं, पण त्याने माणसाशी नातं जुळणं किती सोपं झालं!

या नात्याची किंमतही कुत्र्याने मोजली आहे. ऑस्ट्रियातल्या एर्न्स्टब्रुन इथल्या लांडगा संशोधन केंद्रात दोन प्राण्यांनी एकाच वेळी दोरीची दोन टोकं ओढली तरच खाणं मिळेल, अशी मांडणी केली होती. लांडग्यांच्या जोड्यांना ते अनेकदा साधलं, कुत्र्यांना जवळजवळ नाहीच. यात नवल नाही. लांडगे एकत्र शिकार करतात, पिल्लंही एकत्र वाढवतात. मोकाट कुत्रं मात्र बहुतेकदा उकिरड्यावर एकट्याने पोट भरतं. त्याचा खरा जोडीदार माणूस, मग तो मालक असो वा नसो.

‘नसो’ हे भारतात दिसतं. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. कुणीही न शिकवलेली ही कुत्री अनोळखी माणसाने बोट दाखवलेल्या वाडग्याकडे जातात. जी जवळ यायलाच घाबरतात, त्यांची गोष्ट वेगळी. गल्लीतलं कुत्रं आपल्याला सतत वाचत असतं, हे त्याला दगड मारणाऱ्याने आणि बिस्किट टाकणाऱ्यानेही ध्यानात घ्यावं.

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरी काळजी पुढेच आहे. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि मोकाट कुत्रं यांचा संकर होत असल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वेगवेगळ्या आयुष्यांसाठी हजारो वर्षांत घडलेले हे दोन स्वभाव आहेत, आणि संकरात ते एकमेकांत मिसळतात. माळावरचा लांडगा आधीच थोडा उरलाय, माळ प्लॉटिंगखाली चाललेत आणि कत्तलखान्यांचा, कोंबड्यांच्या शेडांचा कचरा उघड्यावर पडून कुत्र्यांची संख्या वाढतेय. कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण शहराच्या हद्दीत अडकून पडलं, तर लांडग्याला त्याचा काहीच उपयोग नाही. माळांलगतच्या गावांत ते आधी व्हायला हवं, आणि तो कचरा उघड्यावर टाकणं बंद व्हायला हवं. वनखातं आणि जिल्हा परिषदांनी हे काम एकत्र बसून याच वर्षी हाती घ्यावं.