अरुंद रस्त्यांच्या बाजूने

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यापासून वेगळे झाले व त्यांचा मिळून नवा जिल्हा झाला. नव्या संसाराला भांड्याकुंड्यांची हौस असते, तशी नव्या जिल्ह्याला रस्त्यांची असते. निवेदन कोणत्याही पक्षाचे असो, त्यातले एक वाक्य ठरलेले : अमुक गावाचा रस्ता अरुंद आहे, तरी तो रुंद करण्यात यावा. अरुंद म्हणजे मागासलेला, हे समीकरण इतके मुरले आहे की त्याला हरकत घेणारा माणूस विकासाचा शत्रू ठरतो. ही हरकत मी या लेखात घेत आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतील डोंगरउतारांवरचे अरुंद, शांत रस्ते ही या भागाची संपत्ती आहे. सायकलीसाठी यांहून चांगले रस्ते पैसे ओतूनही बांधून मिळत नाहीत. ते आपल्यापाशी तयार आहेत आणि आपण ते मोडायला निघालो आहोत.

गैरसमज नसावा. नागपूरहून बैतूलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४७ पांढुर्ण्यावरून जातो, सावनेर-छिंदवाडा हा महामार्ग ५४७ सौंसरवरून. ते रुंदच असले पाहिजेत. जड वाहनांनी गजबजलेल्या सिलेवानी घाटात कोणी सायकल घेऊन जावे, असेही मी सुचवणार नाही. माझे बोलणे या दोन मोठ्या रस्त्यांच्या आजूबाजूला पसरलेल्या लहान रस्त्यांविषयी आहे. पांढुर्ण्याच्या उत्तरेस नांदनवाडीच्या बाजूचे, मोहगावच्या अर्धनारीश्वराकडे जाणारे, पिपळा नारायणवार, लोधीखेडा, रामाकोना यांच्या परिसरातील खेड्यांना जोडणारे असे ते रस्ते. जुन्या दप्तरांत सौंसरच्या बाजूला झेरघाट म्हणत, म्हणजे घाटाखालचा मुलूख. वर सातपुड्याची पायरी, खाली जाम आणि कन्हान यांची खोरी, मध्ये संत्र्याच्या बागा, कपाशी, ज्वारी आणि सागाची रोपटी धरून असलेल्या टेकड्या. या मुलखातून जाणारी वाट सरळ असूच शकत नाही.

यांपैकी पुष्कळ रस्ते प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झाले. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्या मानकांप्रमाणे डांबरी पट्टा सामान्यतः पावणेचार मीटरचा, आणि वाहतूक फारच थोडी असेल तर तीन मीटरचा. योजनेच्या निधीतून भूसंपादनाचा खर्च करता येत नाही. त्यामुळे आखणी बहुधा जुन्या गाडीवाटेवरूनच झाली. ज्या बांधाला वळसा घालून बैलगाडी जात होती, त्याच बांधाला डांबरानेही वळसा घातला. अभियंत्याला ही अडचण वाटली असेल. सायकलस्वाराला मात्र हे वरदान आहे. वळणामुळे मोटारीचा वेग आपोआप आटोक्यात राहतो, आणि पांदणीची जुनी सावली काही ठिकाणी अजून शिल्लक आहे.

आता फ्रान्सकडे वळतो. परदेशाची आरती ओवाळण्यासाठी नव्हे. डोंगराळ ग्रामीण भागातील साधे रस्ते सायकलीसाठी जगात कुठे नावाजले असतील, तर ते तिथे. त्या देशातील सुमारे अकरा लाख किलोमीटर रस्त्यांपैकी जवळजवळ सात लाख किलोमीटर गावांच्या ताब्यातील आणि पावणेचार लाखांच्या वर जिल्ह्यासारख्या विभागांच्या ताब्यातील आहेत. 'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ पासून भरते. ती तीन आठवड्यांत संपते. उरलेले वर्षभर आर्देश, सेव्हेन, ओव्हेर्न्य अशा डोंगरी भागांतून साधी माणसे, त्यांत आपल्या वयाचेही अनेक, जी सायकल चालवतात ती याच गावरस्त्यांवर. या भागांतील तरुण पोटासाठी शहरांकडे गेले, शेते ओस पडली. तरी रस्ता अरुंद म्हणून गाव ओस पडले, असा निष्कर्ष तिथे कोणी काढला नाही. उलट गर्दी नसलेला रस्ता हेच त्या गावाचे भांडवल ठरले.

"आमचा मुलूख चढउताराचा, इथे सायकल कशी चालणार?" या प्रश्नाचेही उत्तर तिथल्याच इतिहासात आहे. पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) हे सेंत-एतिएन या कोळसा आणि हत्यारांच्या कारखान्यांच्या डोंगरी गावचे रेशीमव्यापारी. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत. १८८७ मध्ये त्यांनी सायकलीला वाहिलेले मासिक काढले आणि चढावर गिअर बदलता आले पाहिजेत, हा आग्रह आयुष्यभर धरला. शर्यतवाल्यांना तो दुबळ्यांचा चोचला वाटे. खुद्द 'तूर'मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्रणेला १९३७ पर्यंत मज्जाव होता. शेवटी वेलोसिओच खरे ठरले. आज गिअरची सायकल आपल्या बाजारातही मिळते, आणि सिलेवानीखालच्या टेकड्या आल्प्सपुढे काहीच नाहीत. उन्हाचे म्हणाल, तर वैशाखातली दुपार कोणालाच सोसत नाही, मोटारसायकलवाल्यालाही नाही. कोजागिरीपासून शिमग्यापर्यंतचे पाच महिने आणि उन्हाळ्यातल्या सकाळी आपल्या हाती आहेतच.

फ्रान्सने विशेष काय केले? बांधण्यापेक्षा न बांधण्याचा संयम अधिक दाखवला. मिशलँ कंपनीच्या दोन लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशांवर लहानात लहान रस्ते दाखवले, निसर्गरम्य वाटांना हिरवी कड दिली आणि तीव्र चढावर बाणाच्या खुणा केल्या. अनेक घाटांत दर किलोमीटरला पाटी असते : माथा किती दूर, पुढचा चढ किती टक्के. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवावे, असा कायदा केला. दुभाजक नसलेल्या रस्त्यांवरची वेगमर्यादा जुलै २०१८ मध्ये ताशी ९० वरून ८० किलोमीटरवर आणली. पुढे काही विभागांनी ती पुन्हा वाढवली हे खरे, पण वेग हा तिथे वादाचा विषय आहे. आपल्याकडे वाद फक्त रुंदीचा.

आणखी एक उदाहरण आपल्याला जिव्हाळ्याचे वाटेल. आर्देशमधील मीटरगेज रेल्वे १९६८ मध्ये बंद पडली. तिच्या सोडलेल्या मार्गावर आज सुमारे नव्वद किलोमीटरची पायी व सायकलने जाण्याची वाट आहे. सौंसरची छोटी गाडी आठवणाऱ्यांना पुढचे सांगायला नको. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस थांबली आणि ब्रॉडगेज आली. आली ते उत्तम झाले. पण नव्या आखणीने जुना मार्ग जिथे सोडला असेल, तिथली जमीन अतिक्रमणात जाण्याआधी तिची मोजणी तरी व्हावी.

विरोधकांचे दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला : रुग्णवाहिका आणि संत्र्याचे ट्रक. बहाराच्या दिवसांत ट्रक बागेपर्यंत पोचलाच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण ट्रक अडतो तो खड्ड्यामुळे, खचलेल्या मोरीमुळे, समोरून वाहन आले तर बाजू द्यायला जागा नसल्यामुळे. यावर उपाय दुरुस्ती आणि ठराविक अंतरावर बाजू देण्याच्या जागा हा आहे. सात मीटरचा सरळ पट्टा केल्याने खड्डे कमी होत नाहीत, दुप्पट होतात. देखभालीचा खर्च रुंदीच्या हिशेबाने वाढतो, हे अंदाजपत्रक वाचणारा कोणीही सांगेल. शिवाय रुंदीकरणात पहिली कुऱ्हाड कडेच्या चिंचेवर आणि कडुलिंबावर पडते, आणि दुसरी बागेच्या कडेच्या ओळीवर. बाग लावायला वर्षे लागतात, मोजणीला एक दिवस पुरतो.

दुसरा मुद्दा उघडपणे बोलला जात नाही, पण खरा अडसर तोच आहे. सायकल हे गरिबाचे वाहन, असे आपल्याच घरांत मानले जाते. आपल्या वाडवडिलांच्या पडवीत हर्क्युलस किंवा रॅले उभी असे तेव्हा ती प्रतिष्ठेची खूण होती. शिक्षक, पटवारी, पोस्टमन सगळे तिच्यावर. मोटार आली आणि सायकल ओसरीवरून गोठ्यात गेली. आता आपली नातवंडे पुण्यात आणि परदेशात महागड्या सायकली घेऊन पहाटे बाहेर पडतात, त्याचे आपण कौतुक करतो. खेड्यातली मुलगी सायकलने शाळेत जाते, तिच्या रस्त्याचे मात्र आपल्याला काही वाटत नाही. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. ते वैभव गेल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या महापालिकेला सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर करावा लागला. गमावून मग आराखडा करण्यापेक्षा असलेले राखणे स्वस्त पडते.

त्या मुलीचाच विचार आधी केला पाहिजे. पर्यटक येतील तेव्हा येतील. मध्य प्रदेश शासन सहावीच्या आणि नववीच्या विद्यार्थ्यांना, गावात शाळा नसल्याने दुसऱ्या गावी जावे लागत असेल तर, मोफत सायकल देत आले आहे. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा रस्ता भरधाव वाहनांना मोकळा करून द्यायचा, हे कसले नियोजन? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे सत्तर टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग म्हणून नोंदले गेले आणि दोनतृतीयांशाहून अधिक मृत्यू ग्रामीण भागात झाले. सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता चालकाला एकच गोष्ट सांगतो : दाब. त्या रस्त्याच्या कडेने दप्तर लावलेली सायकल जात असते.

म्हणून मागणी चारच गोष्टींची. जिल्ह्याच्या नियोजनात निवडक ग्रामीण रस्ते 'शांत मार्ग' म्हणून नोंदवावेत. त्यांची डागडुजी, मोऱ्या आणि बाजू देण्याच्या जागा कराव्यात, पण पट्टा वाढवू नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ व ११५ खाली वेगाला आणि जड वाहनांना मर्यादा घालता येते. ती घालावी, मात्र बहाराच्या ट्रकांना सवलत ठेवावी. कडेच्या झाडांची गणना करून तुटलेल्या जागी देशी झाडे लावावीत. आणि प्रत्येक चढाच्या पायथ्याशी साधा दगड असावा, त्यावर अंतर, चढ आणि पुढच्या गावाचे नाव.

या शेवटच्या कामात शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपली घराणी भोसल्यांच्या काळापासून या घाटाखाली आहेत. कोणत्या नाल्याला काय म्हणतात, कोणत्या टेकडीवरून कोणते देऊळ दिसते, पावसाळ्यात कोणता उतार निसरडा होतो, हे अजून आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमा आपल्या दक्षिणेला आखली गेली, आपण या बाजूस राहिलो, तरी ही नावे मराठीच राहिली. सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारांस एक प्रमाणाचा नकाशा समोर ठेवून ती त्यावर भरणे हे साहित्यसंस्थेला शोभणारे काम आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या बातमीपुरते जगाला पांढुर्णे आठवते. वर्षाचे उरलेले दिवसही या मुलखाला आहेत. ते दाखवणारा नकाशा पुढच्या दिवाळीपूर्वी जिल्हा कार्यालयाच्या टेबलावर ठेवता आला, तर रुंदीकरणाची यादी करणाऱ्याला निदान काय खोडले जात आहे ते दिसेल.