मन घट्ट करण्याचें थोतांड

आपल्या सुशिक्षित घरांत एक औषध फुकट मिळतें. तें दुकानांतून आणावें लागत नाहीं, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाहीं, आणि देणाराला त्यापायीं कसलीच तोशीस पडत नाहीं. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला, बाळंतपणानंतर कारणावांचून रडणाऱ्या सुनेला, नोकरी गेलेल्या जांवयाला, पत्नी वारल्यावर अन्नावरची वासना उडालेल्या आजोबांना, सर्वांना तें एकाच मात्रेंत देण्यांत येतें. ‘मन घट्ट कर’ हें त्या औषधाचें नांव. मीं स्वतः तें पुष्कळांना दिलेलें आहे. तें औषध नव्हेच, हें मला फार उशिरां कळलें. आणि ज्याच्यामुळें कळलें त्याची हकीकत प्रथम सांगणें प्राप्त आहे.

सुमारे अठरा वर्षांपूर्वींची गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतील एक विद्यार्थी दुपारीं माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. मुलगा हुशार, अबोल, मागच्या बांकावर बसून नीटनेटकीं टिपणें घेणारा. त्यानें सांगितलें कीं, महिनाभर पहाटे तीनलाच जाग येते व मग झोप लागत नाहीं. पुस्तक उघडलें तर एक ओळ पुढें सरकत नाहीं. खानावळीचा डबा तसाच परत जातो. माझ्यासमोर तपासावयाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मीं मान अर्धवट वर करून म्हटलें, “अरे, या वयांत असें होतेंच. मन घट्ट कर आणि अभ्यासाला लाग.” तो ‘हो, सर’ म्हणाला व गेला. पुढील आठवड्यापासून तो वर्गांत दिसेनासा झाला. मीं चौकशी केली नाहीं.

पांच वर्षांनीं तो मला पुण्याच्या स्थानकावर अकस्मात् भेटला. त्यानें ओळख दिली, वांकून नमस्कार केला, आणि गाडीला अवकाश होता म्हणून सर्व सांगितलें. त्याच्या मावशीनें त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलें होतें. वर्षभर औषध चाललें, वर्ष बुडालें, पदवी दुसऱ्या कॉलेजांतून मिळाली. “मावशीनें काय सांगितलें तुला?” मीं विचारलें. “सांगितलें कांहींच नाहीं, सर. रात्रभर जवळ बसून राहिली, आणि सकाळीं म्हणाली, चल, डॉक्टरांकडे जाऊं.” त्याच्या बोलण्यांत रोष नव्हता. असता तर मला बरें वाटलें असतें. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. माझ्या नांवापुढें दोन पदव्या. त्या दिवसापासून या उपदेशावरील माझा विश्वास उडाला, आणि तो इतरांचाहि उडावा एवढ्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम या उपदेशाचें तर्कशास्त्र पाहूं. पाय मोडलेल्या मनुष्याला ‘ऊठ, चाल, म्हणजे पाय बरा होईल’ असें सांगणाराला आपण मूर्ख म्हणूं. कारण चालावयाचें तें ज्या पायानें, तोच मोडलेला आहे. मन घट्ट करावयाचें तेंहि मनानेंच, आणि येथें दुखणाईत आहे तें मनच! शिवाय या उपदेशाच्या पोटांत एक आरोप दडलेला असतो. तूं बरा झाला नाहींस याचा अर्थ तूं पुरेसा प्रयत्न केला नाहींस, असें तो सुचवितो. खोल विषण्णतेनें ग्रासलेला मनुष्य आधींच स्वतःला नालायक समजत असतो. अपराधीपणाची निराधार भावना हें त्या आजाराचें एक लक्षणच आहे. म्हणजे औषध म्हणून आपण रोग्याला त्याच्या रोगाचाच आणखी एक घोट पाजतों.

यावर आमचे कांहीं मित्र धर्मग्रंथांकडे धांव घेतात. भगवंतांनींहि अर्जुनाला दौर्बल्य टाकण्यासच सांगितलें ना, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न विचारणारांनीं गीतेचे पहिले दोन अध्याय पुन्हां एकदां सावकाश वाचावे. पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. त्यांत अर्जुन आपलीं लक्षणें एखाद्या रोग्याप्रमाणें सांगतो : गात्रें गळालीं, तोंडाला कोरड पडली, अंगाला कांपरें सुटलें, धनुष्य हातांतून निसटतें आहे, मन जणूं भ्रमतें आहे. या सर्व वेळांत श्रीकृष्ण काय करितात? ऐकतात. जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढें एक वाक्य वगळलें तर सबंध पहिल्या अध्यायांत ते बोलत नाहींत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं दोन श्लोकांत ते त्याची कानउघाडणी करितात खरी. पण तिचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला काय? मुळींच नाहीं. त्यानें आपली व्यथा पुन्हां मांडली, लढणार नाहीं म्हणून सांगितलें, आणि तो गप्प बसला. त्यानंतर जें समजावणें सुरू झालें तें अठराव्या अध्यायापर्यंत चाललें. मध्यें अर्जुनाच्या शंका येत राहिल्या आणि त्यांना उत्तरें मिळत राहिलीं. ७०० श्लोकांपैकीं जे दोन श्लोक निष्फळ ठरले तेवढे आमच्या लोकांनीं उचलले, आणि बाकीचा संवाद पोथींत बांधून ठेवला!

समर्थांच्या मनाच्या श्लोकांनाहि असेंच वेठीस धरण्यांत येतें. ते २०५ श्लोक निरोगी मनाला रोज वळण लावण्यासाठीं आहेत, आणि त्या कामीं त्यांची योग्यता मोठी आहे. परंतु व्यायामानें शरीर सुदृढ होतें म्हणून विषमज्वरानें फणफणलेल्या रोग्याला कोणी जोर काढावयास लावीत नाहीं. आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. चरकानें उन्मादाला ज्वराप्रमाणेंच निदान व चिकित्सा असलेल्या रोगांत बसविलें आहे, आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलें आहे. परंपरेचें नांव घेऊन रोग्याला वैद्यापासून दूर ठेवणारे लोक परंपरेचे भक्त नव्हेत. त्यांनीं ती वाचलेलीच नाहीं.

दुसरा आक्षेप आजीच्या नांवानें येतो. ‘आमच्या आजीला कुठें होतें हें डिप्रेशन? बारा माणसांच्या स्वयंपाकांत तिला रडावयास फुरसत नव्हती.’ फुरसत नव्हती हें खरें. दुःख नव्हतें हें कोणीं सांगितलें? जुन्या वाड्यांच्या माजघरांना विचारा. डोक्यावर परिणाम झालेली आत्या, अंगांत येणारी काकू, संसारांतून लक्ष उडून एके दिवशीं न सांगतां निघून गेलेला चुलता, हीं माणसें मोठ्या कुटुंबांत होतींच. त्यांच्याविषयीं बोलण्याचे शब्द तेवढे निराळे होते. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा वेड्यांविषयींचा कायदा १९१२ सालचा. रोगी नव्हते तर त्या भिंती कोणासाठीं बांधल्या, आणि तो कायदा कोणासाठीं केला?

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. हल्लीं दोन गुण कमी पडले तरी मुलें डिप्रेशन आलें म्हणतात, आणि साध्या कंटाळ्यालाहि रोगाचें नांव देण्यांत येतें, अशी तक्रार ऐकूं येते. तींत तथ्य आहे. दुःख हा रोग नव्हे. बाप गेल्यावर रडणें, मैत्री तुटल्यावर अन्न गोड न लागणें हें प्रेमाचें देणें आहे. तें प्रत्येकानें फेडावयाचें असतें, आणि तें गोळीनें फेडण्याची घाई करूं नये. परंतु शब्दाचा दुरुपयोग झाला म्हणून वस्तु खोटी ठरत नाहीं. रंगभूमीवर ऊठसूट काळीज फाटत असतें, तेवढ्यावरून हृद्रोग काल्पनिक आहे असें कोणी म्हणत नाहीं. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण फारशी अवघड नाहीं. उदासपणा, किंवा कशांतच गोडी न वाटणें, हें जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकलें. त्याबरोबर झोप, भूक, उत्साह व एकाग्रता हीं बिघडलीं. स्वतःचा तिटकारा वाटूं लागला, तर तें डॉक्टरांना दाखविण्याचें दुखणें समजावें. आणि कोणीं मरणाचा विचार बोलून दाखविला तर दोन आठवड्यांचीच काय, दोन दिवसांचीहि वाट पाहूं नये. ‘जो बोलतो तो करीत नाहीं’ ही आपल्याकडील समजूत अत्यंत घातक आहे.

मग इतकी सरळ गोष्ट शिकलेल्या घरांत का होत नाहीं? माझ्या मतें याचें कारण अज्ञान नव्हे, लोकलाज आहे. मुलाला कावीळ झाली तर आपण शेजारींपाजारीं सांगतों व चार वैद्यांचे पत्ते गोळा करितों. मुलाला महिनाभर झोप नाहीं हें सख्ख्या भावालाहि कळूं देत नाहीं. बहिणीचें लग्न अडेल, कचेरींत कुजबुज होईल, ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ जातांना कोणी पाहील! औषधाच्या पाकिटावरील नांव खरडून टाकणारीं घरें मला ठाऊक आहेत. ‘मन घट्ट कर’ हा उपदेश वस्तुतः रोग्यासाठीं नसतोच. तो घराची अब्रू झांकण्याचा पडदा असतो. रोग्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो : ‘तुझें दुःख आम्हांला दिसूं देऊं नको.’ आणि तो आज्ञाधारकपणें तें दिसूं देत नाहीं.

या पडद्यामागें काय चालतें तें आंकड्यांवरून पाहा. २०१५-१६ सालीं बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, निरनिराळ्या मनोविकारांत उपचारांवांचून राहणाऱ्या रोग्यांचें प्रमाण ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत आहे. सरकारी नोंदींप्रमाणें २०२२ सालीं देशांत १,७०,९२४ माणसांनीं आत्महत्या केली; त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांच्या या यादींत १,७६४ मृत्यूंसह महाराष्ट्र सर्व राज्यांच्या पुढें होता. प्रत्येक मृत्यूमागें मनोविकारच असतो असें मी म्हणत नाहीं. कर्ज, बेकारी, घरांतील छळ हीं कारणें तितकींच खरीं आहेत. पण त्या वर्षींच्या एकंदर मृतांत दर दहांमागें सात पुरुष होते, ही गोष्ट ‘मुलगा असून रडतोस?’ असें विचारणाऱ्या प्रत्येक बापानें मनांत बाळगावी.

कायदा या बाबतींत आपल्या दिवाणखान्यांच्या पुढें गेला आहे. १९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या कायद्यानें, आणि त्याची २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें घेतली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची काळजी घ्यावी, आणि विमा कंपन्यांनीं शरीराच्या आजारांप्रमाणें मनाच्या आजारांचाहि विमा उतरवावा, असें हा कायदा सांगतो. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला. माझ्या व्यवसायबंधूंची संवय मला ठाऊक असल्यामुळें येथें एक इशारा देतों : हें काम क्रीडाशिक्षकाच्या गळ्यांत बांधून दारावर पाटी लावली म्हणजे आदेश पाळला, असें होत नाहीं. दहा ऑक्टोबरला एक व्याख्यान ठेवून वर्षभर खोलीला कुलूप लावणें ही तर शुद्ध फसवणूक होय.

घरांत काय करावें? मावशीनें केलें तें. प्रथम जवळ बसावें आणि ऐकावें. मध्यें आपल्या तरुणपणच्या हालअपेष्टा सांगूं नयेत, ‘तुला कमी काय आहे?’ असें विचारूं नये. मग डॉक्टरांकडे न्यावें, आणि स्वतः बरोबर जावें. औषध दिलें तर त्याचा गुण दिसावयास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, हें ठाऊक असूं द्यावें. आणि बरें वाटूं लागतांच तें आपल्या मनानें बंद करूं नये. मनोविकारांवर केवळ गोळ्याच असतात असेंहि नाहीं. शास्त्रशुद्ध संभाषणाचे उपचारहि आहेत, आणि सौम्य आजारांत पुष्कळदां तेवढे पुरतात. जेथें तज्ज्ञ जवळ नाहीं तेथें २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.

राहतां राहिला तो घट्ट मनाचा प्रश्न. घट्ट मनाची गरज नाहीं असें मी म्हणत नाहीं. ती कोणाला आहे, एवढाच माझा वाद आहे. आपल्या मुलाच्या तोंडून ‘मला जगावेंसें वाटत नाहीं’ हें वाक्य ऐकणें, तें ऐकून न ओरडणें, न रागावणें, विषय न बदलणें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजाऱ्यांच्या देखत त्याचा हात धरून दवाखान्याची पायरी चढणें, याला जें मन लागतें तें खरोखर घट्ट असावें लागतें. तेव्हां तो उपदेश करावयाचाच असेल तर रोग्याला करूं नये. आपण स्वतःलाच करावा. मी अठरा वर्षांपूर्वीं तो चुकीच्या माणसाला केला होता.