पाठ केलेले बोलणे

शालेय वक्तृत्व स्पर्धेचा निकाल बहुधा स्पर्धेपूर्वीच लागलेला असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या घरी भाषण लिहून देणारे कोणी आहे, त्याचा चषक ठरलेला. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ येथपासून अखेरच्या सुभाषितापर्यंत सारे मुखोद्गत. हात कोठे उंचवायचा आणि स्वर कोठे कातर करायचा, हेही घोकून घेतलेले. वादविवाद स्पर्धेची तऱ्हा निराळी नाही. अनुकूल बाजूचा विद्यार्थी आपले पाठांतर म्हणून बसतो, प्रतिकूल बाजूचा उठून आपले म्हणतो. कोणी कोणाचे ऐकत नाही. यात वाद कुठला आणि विवाद कुठला? आपल्या धर्मग्रामांतील स्पर्धाही, खेदाने म्हणावे लागते, याच साच्याच्या असतात.

नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान महामार्गालगत वसलेल्या खांबसारख्या गावातील मुलांच्या दृष्टीने हा केवळ शाळेच्या कपाटातील ढालीचा प्रश्न नाही. शेजारच्या पेण तालुक्यात महामुंबई सेझसाठी जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. अशा वेळी भाषण लिहून द्यायला कोणी येत नाही. समोरचा उलट प्रश्न करतो, कागद पुढे सरकवतो. नववी-दहावीपर्यंत उलट प्रश्नाला कधीच तोंड न दिलेला मुलगा उद्या ग्रामसभेत काय बोलणार? तो टाळ्या वाजवील, नाहीतर मागच्या रांगेत गप्प बसेल.

या परिसराला बोलण्याची परंपरा नाही, असे थोडेच आहे? पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. आधी बोलणे, मग कागद. आम्ही तो क्रमच उलटा करून टाकला आहे. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून, आपल्याच पंतप्रधानांच्या निर्णयाविरुद्ध लोकसभेत बोलले.

काही पालकांचा आक्षेप आमच्या कानी आहे : मुलांना प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू मांडायला शिकवले, तर ती उद्धट होतील, उद्या श्रद्धेवरही वाद घालतील. कॅथलिकांच्या तोंडी हा आक्षेप शोभत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ लिहिताना आधी विरोधकांचे आक्षेप मांडले आणि मगच आपले उत्तर दिले. ‘देव आहे काय’ या प्रश्नालाही त्यांनी सूट दिली नाही. संतपदासाठी पुढे आलेल्या व्यक्तीविरुद्ध मुद्दे मांडणारे पद पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ साली निर्माण केले. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत, आणि १९८३ च्या सुधारणांपर्यंत ते चालले. आणि बारा वर्षांचा येशू येरुशलेमच्या मंदिरात मातापित्यांना सापडला, तो शास्त्र्यांमध्ये बसून ऐकताना व प्रश्न विचारताना. भाषण ठोकताना नव्हे!

तेव्हा आमचे मागणे असे : बाजू ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरवावी, प्रतिस्पर्ध्याने दोन प्रश्न विचारावेत आणि निम्मे गुण उत्तरांना ठेवावेत. ‘वृक्ष आपले मित्र’ असले विषय बाद करावेत. वृक्षांच्या विरुद्ध बोलायला उभे राहणार कोण? ‘शेतजमीन कारखान्याला द्यावी काय’ असा विषय द्या. धाटावच्या कारखान्यात ज्याचे वडील कामाला आहेत, त्याच्या हाती कदाचित शेतकऱ्याची बाजू येईल आणि शेतकऱ्याच्या मुलीला कारखान्याची वकिली करावी लागेल. त्या दिवशी घरी गेल्यावर जेवताना जे बोलणे होईल, ते कोणत्याही चषकाहून मोलाचे.

पहिल्या वर्षी मुले अडखळतील, हे गृहीतच धरावे. फक्त पालकांनी पुढच्या रांगेत बसून ओठ हलवू नयेत.