समाईक लेख आणि वाचकांचा अभिप्राय

लेख वाचून वाचकास कांहीं बोलावेंसें वाटणें हें त्या लेखाचें भाग्यच होय. म्हणून आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यांनीं यंदा जी सूचना पुढें आणिली, तिचें आम्ही प्रथम कौतुक करितों. गांवचा इतिहास, नदी, बाजार, देवळें, झाडें यांविषयीं मुलांनीं मिळून जो विकिसंग्रह लिहिला आहे, त्यांतील प्रत्येक लेखाखालीं वाचकांस अभिप्राय लिहिण्यास जागा असावी, अशी ती सूचना आहे. सूचना लहान दिसते. परंतु तिच्या पोटांत एक मोठा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार पालकांनींही करावा अशी आमची इच्छा आहे.

'विकि' हा हवाई बेटांच्या भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ 'त्वरित' असा आहे. अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम यांनीं २५ मार्च १९९५ रोजीं या पद्धतीचें पहिलें संकेतस्थळ लोकांस खुलें केलें. त्यांतील युक्ति एवढीच कीं, जो पान वाचील त्यास तें तेथल्या तेथें सुधारतां यावें. वर्तमानपत्राची गोष्ट निराळी. बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८३२ सालीं 'दर्पण' काढलें, तेव्हांपासून मराठी वाचक संपादकांस पत्रें लिहीत आला आहे. कारण छापलेला मजकूर त्यास स्वतः बदलतां येत नाहीं. विकीच्या वाचकाच्या हातीं मात्र लेखणीच दिलेली असते. मग ज्याच्या हातीं लेखणी आहे त्यानें दुरून सूचना करीत कां बसावें, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो खोटा म्हणतां येणार नाहीं.

समजा, एका लेखांत गांवच्या विहिरीचें साल चुकलें आहे. जाणता वाचक येतो, 'साल चुकलें आहे' असें खालीं लिहितो आणि निघून जातो. कर्तव्य केल्याचें समाधान त्यास मिळतें. चूक जागच्या जागीं राहते. मागून आणखी दहाजण तेंच लिहितात. अभिप्राय अकरा झाले, साल तेंच! अभिप्राय देण्यास क्षण पुरतो. दुरुस्ती करावयाची तर जुने कागद पाहावे लागतात, वडील मंडळींस विचारावें लागतें. पाणी जसें उताराकडे धांवतें, तसें मनही सोप्या वाटेनें जातें.

पूर्वानुभवही असाच आहे. कनिंगहॅम यांच्या पहिल्या विकीवर लेख आणि संभाषण एकाच पानावर चाले. त्यामुळें पानें लांबत जात, आणि कोणीतरी बसून त्या संभाषणाचें सार काढून एकसंध लेख करावा लागे. १५ जानेवारी २००१ रोजीं विकिपीडिया सुरू झाला. त्याच्या चालकांनीं आरंभींच्या काळांतच लेखास जोडून चर्चेचें निराळें पान ठेविलें. २००३ सालीं निघालेल्या मराठी विकिपीडियावरही लेखाशेजारीं 'चर्चा' असा शब्द दिसतो तो हाच. पुढें इंग्रजी विकिपीडियानें लेखाच्या तळाशीं एक चौकट ठेवून, 'हवें तें सापडलें काय?' असें वाचकांस विचारून पाहिलें. आलेल्या मजकुरांत उपयोगाचा भाग थोडा व निरुपयोगी फार, आणि निवडानिवडीचा भार स्वयंसेवकांवर, असें होऊं लागलें. २०१३ सालीं संपादकांत मोठा वाद झाला व पुढें ती सोय बंद करण्यांत आली.

तर मग मुलांची सूचना फेटाळावी काय? आमच्या मतें फेटाळूं नये. लेखणी सर्वांच्या हातीं दिली, तरी ती उचलण्याचें धैर्य सर्वांस नसतें. दुसऱ्यानें लिहिलेलें वाक्य खोडावयास आठवींतील लाजाळू मुलीचा हात धजत नाहीं. जुना बाजार कोठें भरत असे हें ज्या आजीबाईंस नक्की ठाऊक आहे, त्यांस विकीचे नियम कोठून ठाऊक असणार? नातवाकडून दोन ओळी लिहवून घेणें मात्र त्यांस सहज साधेल. अशा माणसांस दार बंद केलें, तर तो संग्रह धीट मुलांचा होईल, गांवाचा होणार नाहीं. आणि जें फक्त वृद्धांसच ठाऊक आहे, तें त्यांच्याबरोबरच नाहींसें होईल.

म्हणून जागा असावी, परंतु ती वेगळी असावी. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या मूळ पाठांत पुढील लोकांनीं स्वतःच्या ओंव्या मिसळल्या होत्या. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ या सालीं पाठ शोधून शुद्ध केला, आणि यापुढें कोणीं आपली ओंवी त्यांत घालूं नये असें बजाविलें. आपलें म्हणणें मांडण्यास कोणाची हरकत नाहीं. तें मूळ लेखांत बेमालूम मिसळूं नये, एवढेंच.

आमची योजना अशी आहे. प्रत्येक लेखास अभिप्रायाचें स्वतंत्र पान जोडावें. अभिप्रायाखालीं तारीख असावी. मुलांनीं पूर्ण नांव न घालतां इयत्ता व आद्याक्षरें घालावीं, कारण तें पान सारें जग पाहतें. 'हें चूक आहे' असें म्हणणाऱ्यानें आपणांस तें कशावरून कळलें हेंही सांगावें. ज्या विद्यार्थ्याकडे तो लेख सोंपविला असेल, त्यानें महिन्याच्या आंत उत्तर द्यावें: म्हणणें पटलें तर लेख सुधारावा, न पटलें तर कारण लिहावें. कुचेष्टेचा मजकूर शिक्षकांनीं काढून टाकावा. यांतील उत्तराचा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण ज्या अभिप्रायास उत्तर मिळत नाहीं, तो लिहिणारा पुन्हां येत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, अभिप्राय अवश्य लिहा. परंतु दुरुस्ती स्वतः करण्याची शक्ति असतां नुसत्या अभिप्रायावर थांबूं नका. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, येत्या सुटींत आपल्या मुलांसह एक तरी लेख वाचावा, व त्यांत आपल्या घरीं ठाऊक असलेली एखादी गोष्ट राहून गेली असल्यास ती कळवावी. संग्रह मुलांनीं आरंभिला आहे. तो पुरा करणें आपणां सर्वांच्या हातीं आहे.