मराठी बोलल्याने एसएटी बिघडत नाही

गेल्या शनिवारी आमच्या मराठी शाळेत एक आई भेटल्या. मुलगी अकरावीत, तीन वर्षांपूर्वी ठाण्याहून अमेरिकेत आलेली. एसएटीच्या सरावात व्याकरणाचे प्रश्न चुकतात, म्हणून शिकवणीवाल्यांनी सल्ला दिला: घरी मराठी कमी करा, कानाला इंग्रजीची सवय होऊ द्या. तेव्हापासून घरात जेवतानाही इंग्रजी. आजीचा फोन आला की मुलगी दोन शब्द बोलून उठते.

हा सल्ला आळशी आहे, आणि तुम्ही तो ऐकू नका.

तिचं चुकलेलं वाक्य असं: 'वॉकिंग डाउन द स्ट्रीट, द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल.' तिला ते बरोबर वाटलं. वाटणारच! 'रस्त्याने चालताना झाडं सुंदर दिसत होती' यात आपल्याला काय खटकतं? '-ताना'ला वेगळा कर्ता चालतो. चालणारे आपण, दिसणारी झाडं. प्रमाण लेखी इंग्रजीत मात्र स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल तोच चालतोय असं धरतात. म्हणजे झाडंच निघाली फिरायला.

पण हा नियम आपल्याला परका नाही. 'घरी येऊन पाऊस सुरू झाला' असं म्हणून बघा. कसंसंच होतं ना? '-ऊन'ला दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. ('त्याला जाऊन दोन वर्षं झाली' असले अपवाद आहेत, पण ढोबळ नियम पक्का.) मुलीला मी एवढंच सांगितलं: वाक्याच्या सुरुवातीला असं 'इंग' दिसलं की 'ताना' नको, 'ऊन' समज. पुढच्या वाक्यात तिने चूक स्वतःच पकडली.

आणि कानाचं म्हणाल, तर माझा लॅबमधला सहकारी जन्माने अमेरिकन. तो बिनधास्त लिहितो, 'यूजिंग अ मायक्रोस्कोप, द सेल्स वेअर काउंटेड.' मायक्रोस्कोप वापरला कोणी, पेशींनी? बोलण्यात सर्रास खपणारी वाक्यंच तर या प्रश्नांत असतात. तिथे कान कामाचा नाही, कर्ता शोधावा लागतो. जीमॅटने २०२३च्या नव्या परीक्षेतून सेंटेन्स करेक्शन काढूनच टाकलं. एसएटीत हे प्रश्न अजून आहेत, तेव्हा शिकवायचं तर नीट शिकवा.

मराठी येणाऱ्या मुलीकडे तुलनेला दुसरं व्याकरण आयतं आहे. ते वापरायचं सोडून बंद करायला सांगणाऱ्याकडे मी तरी फी परत मागितली असती. त्या आई म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे, मग बघू."