ॲपचं अपडेट अडकलंय? ‘१६ केबी’ची भानगड काय आहे ते बघू

१ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर एक नवा नियम आला. ॲप अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या व्हर्जनला टार्गेट करत असेल, तर ते १६ केबी ‘पेज साइझ’च्या ६४-बिट फोनवर चाललंच पाहिजे. नाहीतर नवं ॲपही नाही आणि जुन्याचं अपडेटही नाही. वापरणाऱ्यांना याची फारशी खबर लागली नाही. आम्हा ॲपवाल्यांची मात्र बरीच धावपळ झाली.

आधी पेज म्हणजे काय ते सांगतो. फोनची रॅम ॲप्सना सुट्या बाइट्समध्ये मिळत नाही, ठरावीक आकाराच्या तुकड्यांत मिळते. त्या तुकड्याला पेज म्हणतात. अँड्रॉइडमध्ये हा आकार सुरुवातीपासून ४ केबी होता. ८ जीबी रॅमचा फोन घेतला तर साधारण २१ लाख पानं झाली, आणि कुठलं पान कोणाकडे आहे याचा हिशोब फोनला सतत ठेवावा लागतो. पान १६ केबीचं केलं की तीच संख्या सव्वापाच लाखांवर येते. हिशोब कमी, म्हणून काम पटापट. गूगलच्या चाचण्यांत मेमरीवर ताण असताना ॲप्स सरासरी ३.१६ टक्के लवकर उघडली, काही तर ३० टक्क्यांपर्यंत. फोन सुरू व्हायला साधारण ८ टक्के कमी वेळ लागला. बदल्यात रॅम थोडी जास्त खर्च होते, कारण ५ केबीच्या कामालाही अख्खं १६ केबीचं पान द्यावं लागतं. आयफोन तर कित्येक वर्षं १६ केबीवरच चालतोय.

मग ॲप्स का बिघडतात? ज्या ॲपमध्ये फक्त कोटलिन किंवा जावा आहे, त्यांना काहीच करावं लागत नाही. अडचण येते ‘नेटिव्ह’ कोडची. व्हिडिओ, कॅमेरा फिल्टर, गेम इंजिन, एन्क्रिप्शन ही कामं बहुतेकदा सी किंवा सी++ मध्ये लिहिलेली असतात आणि ॲपमध्ये ‘.एसओ’ फाइल म्हणून बसतात. या फाइलचे भाग मेमरीत पानाच्या सीमेवरच ठेवावे लागतात. एका भागातला कोड फक्त चालवायचा असतो, दुसऱ्यातला डेटा बदलायचा असतो, आणि परवानगी अख्ख्या पानाला एकच मिळते. फाइल ४ केबीच्या मापाने बनवलेली असेल, तर १६ केबीच्या पानावर हे दोन भाग एकत्र येतात आणि लोडर ती फाइल उघडायलाच नकार देतो.

उपाय ऐकायला सोपा आहे: लिंकरला कमाल पान १६३८४ बाइट्सचं आहे असं सांगा आणि पुन्हा बिल्ड करा. खरी गंमत इथून पुढे.

फोनचा नेटिव्ह कोड फोनवर तयार होत नाही. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा, तुमच्या फोनचा एआरएमचा. एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी कोड तयार करणं म्हणजे क्रॉस-कंपाइल. हे काम अँड्रॉइडचं एनडीके करतं. पण ॲपमधल्या प्रत्येक लायब्ररीची बिल्ड करायची रीत वेगळी. एकीला सीमेक लागतं, दुसरीला मेसन. एफएफएमपेगची स्वतःची हाताने लिहिलेली ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट आहे, ओपनएसएसएलची पर्लमध्ये. काही जुन्या स्क्रिप्ट तर एक छोटा प्रोग्राम कंपाइल करून तिथेच चालवून बघतात. एआरएमचा प्रोग्राम इंटेलवर कसा चालणार? मग ती उत्तरं आपण हाताने भरायची. अशा पाच लायब्रऱ्या असतील तर ग्रेडलमध्ये लिहिलेला फ्लॅग कदाचित तिघींपर्यंत पोचतो. उरलेल्या दोघी मुकाट्याने ४ केबीच्याच बनतात. बिल्ड हिरवं दिसतं, आणि ॲप क्रॅश होतं ते थेट १६ केबीच्या फोनवर.

म्हणून एनडीकेमधला बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आर२७ मध्ये १६ केबीसाठी वेगळा पर्याय चालू करावा लागायचा. आर२८ पासून तेच डीफॉल्ट झालं. ‘डॉक्युमेंटेशन वाचा आणि हा फ्लॅग टाका’ असं हजारो टीमना सांगण्यापेक्षा टूलनेच बरोबर वागणं कधीही स्वस्त. अँड्रॉइड स्टुडिओचा एपीके ॲनालायझरही आता अलाइनमेंट दाखवतो. रिॲक्ट नेटिव्हने ०.७७ मध्ये सपोर्ट आणला, त्यामुळे त्यावरच्या टीमचं बरंच काम व्हर्जन वाढवण्यावर भागलं.

पण बिल्ड सिस्टीमच्या हाताबाहेरची एक गोष्ट आहे: दुसऱ्याने आधीच बनवून दिलेली .एसओ. मी काम केलेल्या एका ॲपमध्ये अशीच एक विकतची एसडीके होती. सोर्स कोड नाही, सपोर्टला मेल टाकला की ‘टीमला कळवलं आहे’. सहा आठवडे हेच. शेवटी ते फीचरच काढून टाकलं आणि अपडेट सोडलं. नियमावर माझा आक्षेप नाही, वेगही खरा आहे. पण मुदतीचा दांडका बसतो साखळीतल्या शेवटच्या माणसावर, आणि चुकीची फाइल बनवणारा मधेच कुठेतरी निवांत असतो. २०१९ मध्ये ६४-बिट सक्तीचं केलं तेव्हाही हेच झालं होतं.

आणि नुसतं पुन्हा बिल्ड करूनही कधीकधी भागत नाही. कोणीतरी कोडमध्ये सरळ ४०९६ हा आकडा लिहून ठेवलेला असतो. तो शोधून सिस्टीमला खरा आकार विचारावा लागतो. हे काम कुठलाही कंपायलर तुमच्यासाठी करत नाही.

तुमच्या आजच्या फोनवर बहुधा काही फरक दिसणार नाही, कारण बहुतेक फोन अजून ४ केबीवरच आहेत. पिक्सेल ८ आणि त्यानंतरच्या काही मॉडेल्समध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून १६ केबी चालू करता येतं. पण रोजच्या फोनवर हा प्रयोग नको, त्यासाठी फोनचा डेटा पुसावा लागतो. अँड्रॉइड १६ मध्ये जुन्या ॲप्ससाठी कंपॅटिबिलिटी मोड आहे आणि तो लागला की ॲप उघडताना सूचना येते. लक्ष ठेवायचं ते अपडेटच्या तारखेवर. आधीपासून प्लेवर असलेलं ॲप तिथेच राहतं, इन्स्टॉलही होतं, पण त्याच्या टीमला ही .एसओ सुटली नसेल तर सिक्युरिटीची दुरुस्तीसुद्धा तुमच्यापर्यंत पोचत नाही. पैशांच्या व्यवहाराचं एखादं ॲप नोव्हेंबर २०२५ नंतर एकदाही अपडेट झालं नसेल, तर कारण हेच असेल असं नाही, पण मी तरी त्या टीमला मेल टाकून विचारेन.