पोट भरल्यावरचे पाच सेकंद

मागच्या गुरुवारी कँटीनमध्ये एक प्रकार झाला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा शनिवारचा उद्योग.

आमच्या टीममध्ये एक मुसलमान मुलगा आहे. जेवण झालं की तो पाचेक सेकंद थांबतो, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो आणि मग उठतो. बस्स, एवढंच. कोणाला त्रास नाही, आवाज नाही. तर परवा एक विनोदवीर म्हणाले, "रिलीज झालं वाटतं, आता रिलीज नोट्स वाचतोय!" टेबलावर हशा. मंडळी, मीही हसलो. आणि ज्याने हा विनोद केला त्याने अर्धी पोळी, सगळा भात आणि न चाखलेली कोशिंबीर तशीच टाकून ताट सरकवलं. माझ्या ताटातही बरंच काही होतं, खोटं कशाला बोलू.

मी मूळचा वाशिमकडचा. शाळेत असताना तो जिल्हाही नव्हता, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. मंगरूळपीरला माझ्या मित्राचं घर. (या गावाला मंगरूळनाथही म्हणतात. एकाच गावाला नाथ आणि पीर दोन्ही, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. असो.) मित्राचे वडील, आमचे चाचा, कोरडवाहू शेतकरी. एका वर्षी पावसाने दगा दिला, वावरात काही म्हणजे काही हाती लागलं नाही. दस्तरखानावर विकतच्या ज्वारीची भाकर आणि ठेचा. जेवण झाल्यावर चाचा नेहमीसारखे "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले. मी आगाऊ कार्टं, विचारलंच, "चाचा, यंदा तर काहीच पिकलं नाही, मग आभार कशाचे?"

"बेटा, माह्या वावरात नसन पिकलं. पण ही जवारी कोनाच्या तरी वावरात पिकलीच ना? आन् मी जेवलोच ना?"

आता आपल्या पुरोगामी मित्रांचा ठरलेला डायलॉग: देवाचे आभार कशाला, शेतकऱ्याचे माना! मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक सांगा, शेवटचे कधी मानलेत? २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशिम होतं. तेव्हा तूरडाळ कुठून येते याची चर्चा आपल्या टेबलावर किती झाली? तूर महागली की मात्र आपल्याला लगेच अर्थशास्त्र सुचतं. देवाला वजा केल्यावर त्या जागी शेतकरी आला असता तर मी पहिला टाळ्या वाजवल्या असत्या. त्या जागी आला मोबाईल. जेवणाआधी ताटाचा फोटो, जेवताना रील्स. शिवाय पैसे भरून 'ग्रॅटिट्यूड'चं अ‍ॅप वापरणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. ते चालतं. फुकटचे पाच सेकंद चालत नाहीत.

आणि ही प्रार्थना जेवणानंतर असते, हेच मला महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला बिस्मिल्लाह आहेच, जसं आपल्या शाळेत डब्याआधी 'वदनी कवळ' असायचं. पण भूक लागलेली असताना देव आठवणं सोपं आहे हो, समोर डबा दिसत असतो! पोट भरल्यावर आठवण ठेवणं कठीण. काम झाल्यावर क्लायंट फोन उचलत नाही, तसंच.

सहीह मुस्लिममध्ये मिकदाद नावाच्या सहाबींचा किस्सा आहे. ते आणि त्यांचे दोन साथी उपाशी, पैगंबरांनी त्यांना आपल्या घरी आणलं. बकऱ्यांचं दूध सगळे वाटून पीत, पैगंबरांचा वाटा वेगळा ठेवत. एका रात्री मिकदादनी तोही पिऊन टाकला. पैगंबर आले, भांडं उघडलं, रिकामं! मिकदादना वाटलं, आता शाप मिळणार. पण त्यांनी आकाशाकडे पाहून मागितलं ते असं, की जो मला खाऊपिऊ घालेल त्याला तू खाऊपिऊ घाल. हीच दुआ आज यजमानासाठी म्हणतात. आपलं 'अन्नदाता सुखी भव' यापेक्षा वेगळं काय सांगतं?

म्हणजे मुसलमान समाजात सगळं आलबेल आहे असं नाही. जेवणानंतरची जी दुआ सगळ्यात जास्त पाठ असते, तिची सनद कमकुवत की पक्की यावर लोक तासन् तास भांडतात. आणि लग्नाच्या दावतीत बिर्याणीचे ढीग टाकले जातात, अगदी आपल्या बुफेसारखेच. ताटात अन्न सोडू नका, अन्नाला नावं ठेवू नका, हेही त्याच हदीसमध्ये आहे. माणसांचे आभार न मानणाऱ्याने अल्लाहचेही मानले नाहीत, हेसुद्धा. अरबी पाठ आणि ताटात अर्धी बिर्याणी, हे मला त्या विनोदवीराइतकंच खटकतं.

पण आमच्या टीममधल्या मुलाचं ताट त्या दिवशी स्वच्छ होतं. मी नंतर मुद्दाम बघितलं.

सोमवारी त्याला सॉरी म्हणायचंय. हसला होता तो पण, आमच्याबरोबर. तेच जास्त लागलं.